‘देऊळ’मधील उपहास : एक पेच

उमेश कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला व गिरीश कुलकर्णी यांनी लिहिलेला ‘देऊळ’ (२०११) हा चित्रपट देवस्थानाच्या बाजारीकरणावरील उपहास म्हणून ओळखला जातो. हे वर्णन खरे असले तरी अपुरे आहे. करडी गाय शोधणाऱ्या केशवाला औदुंबराखाली दत्तदर्शन घडते. ती वार्ता प्रसिद्धीच्या हाती पडताच मंगरूळ गावात अण्णांची इस्पितळाची योजना मागे पडते आणि देऊळ उभे राहते. येथे उपहासाचा विषय श्रद्धा नव्हे, तर श्रद्धावंताला गिऱ्हाईक मानणारी व्यवस्था होय. केशवाची भक्ती लेखकाने कोठेही हास्यास्पद केलेली नाही.

मंगेश धाकडे यांच्या संगीतातील उडत्या चाली मात्र एक पेच निर्माण करतात : ज्या झगमगाटाची थट्टा करावयाची, त्याचीच मोहिनी त्या प्रेक्षकावर घालतात. हा दोष मानावा काय? शेवट पाहता तसे म्हणवत नाही. केशव मूर्ती नदीत विसर्जित करतो. गाव दुसरी मूर्ती बसवून मोकळे होते. बाजाराला मूळ वस्तूची गरजच उरलेली नसते. मघाशी ठेका धरणारा प्रेक्षक आपणही त्याच गर्दीत होतो हे जाणून ओशाळतो. आणि उपहासाचे सार्थक त्या ओशाळण्यातच आहे.