विकिपीडियाचें ‘इतिहास’-पान

ग्रंथ एकदां छापून बाहेर पडला म्हणजे त्याचा पाठ स्थिर झाला, अशी मुद्रणकलेनें आपल्या मनाला लावलेली संवय आहे. टीकाकाराचा सारा व्यवहार ह्या संवयीवर चालतो. आम्ही एखाद्या पुस्तकाच्या बेचाळिसाव्या पृष्ठावर दोष दाखवितों, तो त्याच पृष्ठावर वाचकाला पडताळून पाहतां यावा, हें आम्ही गृहीतच धरलेलें असतें. ज्या ग्रंथाचें पृष्ठ सकाळीं एक बोलतें आणि सायंकाळीं दुसरें, त्याच्यावर टीका लिहावयाची ती कशी? विकिपीडिया हा असा ग्रंथ आहे. त्यांतील लेखांच्या खरेखोटेपणाची चर्चा वर्तमानपत्रांतून व व्याख्यानांतून पुष्कळ झाली. परंतु त्या प्रत्येक लेखाच्या पाठीशीं ‘इतिहास’ नांवाचें जें पान असतें, त्याचा साहित्यदृष्ट्या विचार कोणी मराठींत केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. आमच्या मतें त्या ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग तोच होय.

ह्या पानाची रचना अशी. विकीवरील बहुतेक लेख कोणालाही दुरुस्त करतां येतात. पण नवें लिहिलें म्हणून जुनें पुसलें जात नाहीं. प्रत्येक बदलाबरोबर लेखाची एक नवी आवृत्ति सिद्ध होऊन तिला स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि आधींची आवृत्ति तिच्या खालीं तशीच राहते. ‘इतिहास’-पानावर ह्या आवृत्त्यांची एकेका ओळीची नोंद असते : दिवस, वेळ, करणाऱ्याचें नांव, लेख किती वाढला वा घटला त्याचा आंकडा, आणि करणाऱ्यानें दिलें असल्यास बदलाचें कारण. कोणत्याही दोन आवृत्त्या निवडल्या कीं यंत्र त्या शेजारीं शेजारीं मांडतें, आणि काय गेलें व काय आलें तें रंगानें दाखवितें. शिवाय ‘अलीकडील बदल’ ह्या पानावर साऱ्या कोशांतील फेरफार घडतील तसे उमटत राहतात; आणि सभासदाला आपल्या जिव्हाळ्याचे लेख निवडून त्यांच्यापुरती एक पहाऱ्याची यादी ठेवतां येते, म्हणजे त्यांतील एकालाही कोणीं हात लावला तर तें त्याला कळावें.

हें सगळें एकदम आलें नाहीं. वॉर्ड कनिंगहॅम ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें २५ मार्च १९९५ रोजीं पहिला विकी लोकांस खुला केला. हवाई बेटांच्या भाषेंत ‘विकी’ म्हणजे त्वरित. ताज्या बदलांची यादी त्या आद्य विकीच्या काळापासूनची आहे. जुन्या आवृत्त्या कायमच्या जपण्याची व्यवस्था मागाहूनची. १५ जानेवारी २००१ रोजीं विकिपीडिया सुरू झाला, तेव्हां ज्या सॉफ्टवेअरवर तो चाले त्यांत जुन्या आवृत्त्या कांहीं काळानें गळून पडत. त्यामुळें ज्या ग्रंथाला आपला प्रत्येक स्वल्पविराम स्मरतो म्हणून आपण वाखाणतों, त्याला स्वतःचें बाळपणच आठवत नव्हतें! डिसेंबर २०१० मध्यें टिम स्टार्लिंग ह्यांना पहिल्या कांहीं महिन्यांतील बदलांची एक जुनी प्रत सांपडली आणि तें पुष्कळसें परत मिळालें. वाड्याच्या माळ्यावर एखादें बाड सांपडावें, तसाच हा प्रकार.

पाठभेदांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे सन १५८४ सालीं, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पाठांतरांनीं ग्रंथ अशुद्ध झाला होता हें त्यांनीं स्वतः सांगितलें, शक दिला, आणि पुढें कोणीं त्यांत आपली ओवी घालूं नये अशी ताकीदही देऊन ठेवली. विकीच्या परिभाषेंत बोलावयाचें तर बदल करणाऱ्याचें नांव, काळ व कारण हीं तिन्ही नोंदलीं गेलीं. नोंदलें गेलें नाहीं तें एकच : बदल कोणता. नाथांपुढें कोणत्या प्रती होत्या, कोणती ओवी त्यांनीं गाळली, कोणता शब्द फिरविला, हें आज निश्चयानें सांगतां येत नाहीं. आणि एकनाथपूर्व प्रतीचा शोध हा आमच्या संशोधकांचा एक जुना ध्यास होऊन बसला. दुसरें टोक भांडारकर संस्थेच्या महाभारताचें. डॉ. वि. सी. सुखटणकर ह्यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. त्यांत पृष्ठाच्या वरच्या भागीं निवडलेला पाठ, आणि खालीं बारीक टाइपांत सोडून दिलेले पाठ, कोणता कोणत्या प्रतींत आहे त्याच्या निर्देशासह. सोडलेला पाठही जपावा, हें संपादकाचें शील त्या तळटीपांनीं आम्हां विद्यार्थ्यांना शिकविलें.

विकीचें ‘इतिहास’-पान हें ह्या दुसऱ्या वंशांतलें आहे, आणि केवळ सांठा पाहिला तर कोणत्याही पंडितमंडळाला जमलें नसतें इतकें तें संपूर्ण आहे. पण येथेंच एक मोठा भेद आहे, आणि विकीचे स्तुतिपाठक तो नेहमीं विसरतात. सुखटणकर प्रतींचीं कुळें लावतात, पाठ तोलतात, आणि मग निवड करतात. विकीवर निवड कोण करतो? शेवटचा हात! जो सर्वांत मागाहून आला त्याचा पाठ वर, आणि बाकी सारे तळटीपेंत. तो हात एखाद्या विद्वानाचा असेल किंवा दुपारच्या सुटींत गंमत करणाऱ्या शाळकरी पोराचा असेल. पानावर त्याचें वजन तितकेंच.

२००५ सालचें एक प्रकरण ह्या दृष्टीनें अभ्यासण्याजोगें आहे. जॉन सीगेनथॉलर हे वयोवृद्ध अमेरिकन पत्रकार. एके काळीं रॉबर्ट केनेडींचे सहायक होते. २६ मे २००५ रोजीं कोणा निनांवी माणसानें इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नांवें एक लहानसा लेख लिहिला, आणि केनेडी बंधूंच्या खुनांच्या बाबतींत त्यांच्यावर संशय घेतला गेला होता असें त्यांत दडपून दिलें. हें धादांत खोटें होतें. तीन दिवसांनीं, २९ मे रोजीं, एका सभासदाचें त्या लेखाकडे लक्ष गेलें. त्यानें काय केलें? इंग्रजी ‘अर्ली’ ह्या शब्दाचें चुकलेलें स्पेलिंग नीट केलें आणि तो पुढच्या कामाला लागला. खुनाचा संशय जेथल्या तेथें राहिला, तो चार महिने. २९ नोव्हेंबर २००५ रोजीं स्वतः सीगेनथॉलर ह्यांनीं ‘यूएसए टुडे’ पत्रांत ही हकीकत लिहिली तेव्हां जगाला ती कळली. आणि पुढें लेख करणाऱ्यानें आपण थट्टा केल्याचें कबूल केलें.

त्या स्पेलिंग सुधारणाऱ्याला हंसणें सोपें आहे. पण मुद्रितें तपासण्याचा ज्याला अनुभव आहे, त्याला हा मनुष्य ओळखीचा वाटेल. डोळा अक्षरावर बसला म्हणजे अर्थावरून घसरतो. ऱ्हस्वदीर्घ तपासतांना वाक्य काय म्हणतें आहे ह्याचें भान राहत नाहीं. आम्हांस ह्या प्रकरणांत महत्त्वाचें वाटतें तें असें कीं, बदलांची नोंद ह्या लेखाच्या बाबतींत अगदीं चोख होती. दिवस होता, घटका होती, मजकूर होता. यंत्राकडे बोट दाखवावें असें कांहींच घडलें नाहीं. ती नोंद कोणीं उघडून वाचली नाहीं, इतकेंच. पुढें तो खोटा मजकूर लेखांतून तर काढलाच, पण ‘इतिहास’-पानांतूनही नाहींसा करण्यांत आला. बदनामीसारख्या कारणांसाठीं असें करण्याचा अधिकार विकीच्या व्यवस्थापकांना आहे, आणि तो असावा ह्याबद्दल आम्हांस शंका नाहीं. जिवंत माणसाच्या अब्रूपुढें पाठभेदांच्या पावित्र्याची मातब्बरी ती काय? मात्र ‘इतिहास’-पानाला अभंग दप्तर समजणाऱ्यानें हीही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां त्या नोंदीच्या भाषेविषयीं. बदल किती मोठा हें विकी बाइटांत मोजतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, मग तें अक्षर असो, मात्रा असो वा अनुस्वार, तीन बाइट लागतात. एखाद्या वाक्यांतून ‘नाहीं’ हा शब्द मागल्या मोकळ्या जागेसह काढून टाकला, तर ‘इतिहास’-पानावर उणे १६ एवढी नोंद पडेल, आणि वाक्याचा अर्थ उलटा होईल. उलट कोणा नटाच्या चित्रपटांची लांबलचक यादी जोडली तर हजारोंचा आंकडा झळकेल. म्हणजे हा आंकडा शाई मोजतो. पहारा करणाऱ्याची नजर साहजिकच मोठ्या आंकड्यावर जाते, आणि सोळा बाइट डोळ्यांखालून निसटतात. त्यांतच ‘छो’ हें एक चिन्ह आहे : छोटा बदल. तें करणाऱ्यानें स्वतःच लावावयाचें असतें! आपल्या कृत्याला किरकोळ ठरविण्याचा अधिकार कर्त्यालाच दिल्यावर त्या चिन्हावर भरंवसा किती ठेवावा, हें वाचकांनींच ठरवावें.

फर्नांडा व्हिएगास व मार्टिन वॉटनबर्ग ह्यांनीं २००४ सालीं सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें दिसते. त्यांनीं लेखांचे इतिहास रंगीत पट्ट्यांच्या आकृतींत उतरविले. पानच्या पान पुसून टाकण्याचे जे प्रकार घडत, त्यांपैकीं निम्मे तीनएक मिनिटांच्या आंत दुरुस्त होत, असें त्यांस आढळलें. दांडगाई लागलीच पकडली जाते, हें खरें. पण तिला लपावयाचें नसतेंच. त्या आकृत्यांत ‘चॉकलेट’ ह्या निरुपद्रवी लेखाचा एक पट्टा करवतीच्या दांत्यांसारखा वरखालीं जातांना दिसतो : चॉकलेटाच्या एका शिल्पप्रकाराविषयींचा मजकूर एकानें घालावा, दुसऱ्यानें काढावा, पहिल्यानें पुनः घालावा. आणखी एक निष्कर्ष आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. ज्याचा मजकूर लेखांत प्रथम पडतो, त्याचा तो मागाहून येणाऱ्यांच्या मजकुरापेक्षां अधिक टिकतो. म्हणजे शेवटचा हात वरचढ खरा, पण पहिल्या हाताची पकडही सहसा सुटत नाहीं. मधले हात तेवढे झिजतात.

ह्या साऱ्या सामग्रीचा ग्रंथरूपानें उपयोग करण्याचा एक प्रयत्न झाला आहे, त्याचाही परामर्श घेतला पाहिजे. जेम्स ब्राइडल ह्या ब्रिटिश लेखक-कलावंतानें २०१० सालीं इंग्रजी विकिपीडियावरील इराक-युद्धाच्या लेखाचा केवळ ‘इतिहास’ छापून बांधला. डिसेंबर २००४ ते नोव्हेंबर २००९ ह्या पांच वर्षांतले सुमारें १२,००० बदल. त्यांचे झाले बारा खंड आणि जवळजवळ ७,००० पृष्ठें. मृतांच्या संख्येवरचे वाद, कोणता मजकूर प्रस्तुत ह्यावरची भांडणें, आणि मध्येंच कोणीतरी सारें पान पुसून सद्दामला शिवी देऊन ठेवतो, तीही. कल्पना म्हणून ही फार उत्तम आहे. युद्धाचा इतिहास लिहिला जात असतां लिहिणाऱ्यांमध्यें चाललेलें युद्ध फळीवर रांगेनें उभें राहिलें, आणि जुन्या विश्वकोशांच्या डौलांत राहिलें. परंतु ग्रंथ म्हणून पाहिलें तर आमचें मत इतकें अनुकूल होत नाहीं. छापल्याबरोबर ‘इतिहास’-पानाचा जो एकमेव जिवंत गुण, म्हणजे हव्या त्या दोन आवृत्त्या समोरासमोर आणणें, तोच नष्ट होतो. उरतो तो आकार. बारा हजारांपैकीं कोणत्या पन्नास बदलांनीं लेखाची दिशा फिरली, हें निवडून सांगणारा संपादक तेथें नाहीं. सुखटणकरांच्या तळटीपा आहेत, पण वरचा पाठ व प्रस्तावना नाहींत! अशा निवडीचें एकच दोनशे पानी पुस्तक कोणी करील, तर तें ह्या बारा खंडांहून मोलाचें ठरेल.

पहाऱ्याचा प्रश्न निरनिराळ्या भाषांनीं निरनिराळ्या तऱ्हेनें सोडविला आहे. इंग्रजी विकिपीडियावर २०१० पासून ‘क्लूबॉट एनजी’ नांवाचें यंत्र उघड खोडसाळपणा ओळखून आपण होऊन परतवितें. जर्मन विकिपीडियानें मे २००८ मध्यें वेगळी वाट धरली : नवख्याचा बदल एखाद्या अनुभवी सभासदाच्या नजरेखालून गेल्याशिवाय सामान्य वाचकापुढें येतच नाहीं. त्यामुळें रांग लागते, नव्या माणसाचा हुरूप मावळतो, अशी तक्रार आहे आणि ती खोटी नाहीं. तरी आम्हांस हीच पद्धत अधिक पटते. कारण निदान एका माणसानें तो बदल वाचला, एवढें तरी त्यांत निश्चित असतें.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तेथें नियमानें पहारा करणारे मोजकेच. म्हणून ज्या लेखाकडे दोघेचौघे जाणते नजर ठेवीत नाहींत, त्याचा शेवटचा हात फार दिवस शेवटचाच राहतो. इकडे आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधाखालीं ‘संदर्भ : विकिपीडिया’ एवढ्या दोन शब्दांवर काम भागतें. कोणत्या दिवसाचा विकिपीडिया? प्रत्येक आवृत्तीला क्रमांक आहे, तारीख आहे, आणि त्याच आवृत्तीकडे नेणारा कायमचा दुवाही आहे. तो न देणें म्हणजे आवृत्ति न सांगतां पृष्ठांक देण्यासारखें आहे, आणि परीक्षकानें तें चालवून घेऊं नये. पण विद्यार्थ्याकडून ही शिस्त मागतांना लिहिणाऱ्याकडूनही कांहीं मागणें रास्त होईल. कारणाचा रकाना मोकळा सोडण्याची, किंवा ‘दुरुस्ती’ ह्या एका शब्दावर तो भागविण्याची रीत मोडली पाहिजे. काय बदललें तें यंत्र दाखवितें. कां बदललें तें माणसानेंच सांगावयाचें असतें. कारण लिहिल्यावांचून बदल जतन करूं लागल्यास आपणांस आठवण द्यावी, अशी निवड सभासदाला स्वतःपुरती आजही करतां येते. ती निवड प्रत्येक नव्या सभासदासाठीं आरंभापासूनच चालू ठेवण्यास कोणती अडचण आहे, हें मराठी विकिपीडियाच्या चालकांनीं सांगावें.