जीर्णोद्धार आणि नवे आख्यान : 'कॉल ऑफ द मशीन'चा विचार

जुनी कलाकृती शुद्ध करून पुन्हा प्रकाशात आणणे आणि तिच्यात नवी भर घालणे ह्या दोन क्रिया वरवर पाहता एकमेकींच्या शेजारच्या वाटतात. तत्त्वतः त्या भिन्न आहेत. पहिलीत कर्त्याचा अधिकार मूळ कृतीच्या मर्यादेत राहतो, दुसरीत तो ती मर्यादा ओलांडतो. मराठी वाङ्मयाला हा भेद नवा नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये तयार केली. त्या वेळी अपपाठ दूर करण्याइतकेच महत्त्व त्यांनी एका निषेधाला दिले : ह्या पाठात कोणी आपली ओवी मिसळू नये. ग्रंथपरंपरेत भर ही प्रक्षेप ठरते आणि प्रक्षेप हा दोष मानला जातो.

प्रयोगपरंपरेची रीत मात्र वेगळी आहे. सावंतवाडी तालुक्यात बांद्याजवळ, गोव्याच्या सीमेलगत वसलेल्या इन्सुलीसारख्या गावांच्या मुलखात कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि दशावतारी मंडळींचे पेटारे गावोगाव फिरू लागतात. ह्या नाट्याचा पूर्वरंग, म्हणजे आड दशावतार, ठरीव असतो. गणपती, ऋद्धिसिद्धी, शारदा, ब्रह्मदेव, विष्णू ही सोंगे येतात. वेद चोरणारा संकासूर मालवणीत बोलून हशा पिकवतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. त्यानंतर येते ते आख्यान. ते बदलते असते, त्याला लिखित संहिता नसते, आणि नव्या आख्यानाने जुना दशावतार बिघडला असे कोणी म्हणत नाही. येथे भर हा दोष नसून परंपरेच्या जिवंतपणाचा पुरावा आहे.

संगणकीय खेळ ह्या कलाप्रकारात अलीकडे घडलेली एक घटना ह्या दोन रीतींच्या मधोमध उभी आहे. अमेरिकेतील इद सॉफ्टवेअर ह्या संस्थेने १९९७ च्या डिसेंबरात 'क्वेक दोन' हा वैज्ञानिक कल्पितावर आधारलेला नेमबाजीचा खेळ प्रसिद्ध केला. १० ऑगस्ट २०२३ रोजी त्याची संस्कारित आवृत्ती निघाली. जीर्णोद्धाराचे काम जुन्या खेळांच्या पुनरुज्जीवनासाठी ख्यात असलेल्या नाइटडाइव्ह स्टुडिओजने केले. मूळ मोहीम, १९९८ मधील 'द रेकनिंग' व 'ग्राउंड झीरो' ही दोन विस्तारप्रकरणे आणि निन्टेंडो ६४ ह्या यंत्रासाठी निघालेले रूपांतर ह्या सर्वांचा तीत समावेश आहे. त्यांच्या जोडीला स्वीडनमधील मशीनगेम्स ह्या संस्थेने रचलेली 'कॉल ऑफ द मशीन' ही सर्वस्वी नवी मोहीम आहे. तिच्या एकूण २८ लेव्हल आहेत. ह्याच संस्थेने पहिल्या 'क्वेक'साठी २०१६ आणि २०२१ मध्ये अशीच नवी प्रकरणे रचली होती.

मूळ खेळाची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. स्ट्रॉग नावाच्या परग्रहीय शत्रूवर मानवजात प्रतिहल्ला करते. त्या हल्ल्यात बहुतेक सैनिक मारले जातात आणि बिटरमन हा एकटा सैनिक शत्रूच्या ग्रहावर लढत राहतो. खेळाचे वैशिष्ट्य ह्या कथेत नाही, तिच्या परिसरात आहे. स्ट्रॉग हे पकडलेल्या माणसांच्या देहांना यंत्रे जोडून आपले सैनिक घडवतात. खाणी, तुरुंग, प्रक्रियाशाळा, शक्तिगृहे अशी स्थळे एकामागून एक येतात. कोठडीत बंदिवान सैनिक विव्हळत असतात आणि खेळणारा त्यांना वाचवू शकत नाही. एका लेव्हलमधील कळ दाबली असता दुसऱ्या लेव्हलमधील दार उघडते, आणि पाहिलेल्या स्थळी पुन्हा परतावे लागते. ह्या येण्याजाण्यातून एका अखंड, चालू असलेल्या कारखान्याचा प्रत्यय येतो.

नव्या मोहिमेचा घाट निराळा आहे. तीत एका मध्यवर्ती स्थळावरून निरनिराळ्या मोहिमांकडे जाता येते आणि त्यांचा क्रम खेळणारा स्वतः ठरवतो. प्रत्येक मोहिमेचे वातावरण स्वतंत्र आहे. शस्त्रे आणि शत्रू मात्र बहुतांशी जुनेच आहेत. दशावतारी मंडळी एकाच बाकड्यातून कधी सिंहासन तर कधी रथ उभा करतात, त्याप्रमाणे येथे ठरीव साधनांतून नवी परिस्थिती निर्माण केली जाते. मेलेल्या शत्रूला पुन्हा उठवणारा 'मेडिक' मूळ खेळातही होता. त्याला कोठे उभे करावे आणि खेळणाऱ्याला त्याच्यापर्यंत पोहोचण्यास किती अवधी द्यावा, ह्या निवडीत रचनाकाराची प्रतिभा दिसते. ह्या अर्थाने नवी मोहीम हे एक अस्सल आख्यान आहे.

मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मानली. त्यांच्या आधारे पाहिले असता नव्या मोहिमेचे यशापयश स्पष्ट होते. परिचित आकृतींच्या पुनरावृत्तीत संवाद आहे. अरुंद बोळातून एकाएकी अफाट, अनेक मजली अवकाशात येण्यात विरोध आहे, आणि हा विरोध १९९७ च्या यंत्रांना न पेलणाऱ्या प्रमाणात साधला आहे. उणीव आहे ती समतोलाची. मूळ खेळात चकमकींच्या मध्ये रिकाम्या वाटा होत्या आणि त्या रिकामपणात भय वाढत असे. नव्या मोहिमेत शत्रूंची संख्या इतकी वाढते की अनेक ठिकाणी विस्तारच उत्कटतेची जागा घेतो. खेळणारा दमतो, पण धास्तावत नाही.

ह्याहून गंभीर प्रश्न आशयाचा आहे. मूळ खेळात स्ट्रॉग कोठून आले ह्याचे उत्तर नाही. त्यांना मॅक्रॉन हा सेनापती आहे, परंतु त्या राक्षसी उद्योगाचा आद्य कर्ता खेळात दिसत नाही. माणसांचा कच्चा माल वापरणारा, कोणी सुरू केला हे ठाऊक नसलेला आणि आपल्या आपण चालणारा कारखाना ही त्या खेळाची खरी भीती आहे. 'कॉल ऑफ द मशीन' ही उणीव समजून ती भरून काढते. तीत स्ट्रॉगांचा निर्माता शोधून त्याचा नाश करावयाचा असतो, आणि त्या शोधात पहिल्या 'क्वेक'च्या गूढ, पैशाचिक विश्वाशी नाते जोडले जाते. १९९६ चा 'क्वेक' आणि १९९७ चा 'क्वेक दोन' ह्यांच्या कथांत मुळात संबंध नव्हता. केवळ नाव समान होते. अशा रीतीने कारखान्याला असुर मिळतो आणि उद्योगाचे रूपांतर पुराणात होते. आख्यानाला नावाचा असुर लागतो हे खरे. पण असुर मारला की प्रश्न संपतो, आणि मूळ खेळाचे सामर्थ्य प्रश्न न संपण्यात होते.

तथापि ह्यावरून नवी मोहीम प्रक्षेप ठरते काय? तसे म्हणण्यापूर्वी जीर्णोद्धाराकडेही त्याच दृष्टीने पाहणे अवश्य आहे. संस्कारित आवृत्तीत केवळ चित्रांची धूळ झटकलेली नाही. शत्रूंच्या हालचाली बदलल्या आहेत. 'बर्सर्कर' हा धातूच्या हाताचा शत्रू आता दुरून झेप घेतो. पुढची वाट दाखवणारे होकायंत्र दिले आहे. पहिल्या बदलाने जुन्या चकमकीचा तोल पालटतो. दुसऱ्याने हरवण्याचा, मागे परतण्याचा, म्हणजे त्या कारखान्याच्या अखंडत्वाचा अनुभव पातळ होतो. होकायंत्र न वापरण्याची मोकळीक असली, तरी त्याच्या असण्यानेच शोधाचे स्वरूप बदलते. एकनाथांच्या निषेधाची कसोटी लावली, तर तो निषेध उघड भर घालणाऱ्यांकडून मोडला गेलेला नाही; जुन्या ओळींच्या आत हात घालणाऱ्या जीर्णोद्धाराकडून मोडला गेला आहे. नवी मोहीम आपल्या स्वतंत्र नावाने, स्वतंत्र दारातून येते. तिचे स्पष्टीकरण न पटल्यास ते नाकारता येते. मूळ पाठात मिसळलेला बदल नाकारणे त्याहून कठीण असते, कारण तो मूळ म्हणूनच भेटतो.

अभ्यासकांच्या दृष्टीने ह्यातून एक व्यावहारिक दंडक निघतो. 'क्वेक दोन'विषयी विधान करताना ते १९९७ च्या पाठाला उद्देशून आहे की २०२३ च्या, हे सांगितले पाहिजे. इद सॉफ्टवेअरने २००१ मध्ये मूळ खेळाची आज्ञावली मुक्त परवान्याखाली खुली केली. संस्कारित आवृत्तीच्या खेळनियमांची आज्ञावलीही २०२३ मध्ये खुली झाली. दोन पाठ ओळीला ओळ लावून ताडून पाहण्याची अशी सोय जुन्या पोथ्यांच्या संपादकांना क्वचितच लाभली असेल. तिचा उपयोग न करता दोन्ही आवृत्त्या एकच मानणे ही संशोधनातील हयगय ठरेल.

'कॉल ऑफ द मशीन' ही निर्दोष कृती नव्हे. ती मूळ खेळाच्या भीतीला नाव देते आणि त्या नावानेच ती भीती उणावते. परंतु ठरीव साधनांतून नवी स्थळे उभारण्याचे तिचे कौशल्य खरे आहे, आणि आपण भर आहोत हे ती लपवत नाही. जत्रेच्या रात्री पूर्वरंग संपून आख्यान सुरू होते तेव्हा काय जुने आणि काय नवे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. हा प्रांजळपणा जीर्णोद्धाराने आख्यानाकडून घ्यावा, इतकेच ह्या विवेचनाचे फलित आहे.