जुना खून आणि नवा वकील

रहस्यकादंबरी म्हटली, कीं ‘खुनी कोण?’ हा प्रश्न शेवटच्या पानापर्यंत अधांतरीं ठेवणें हेंच लेखकाचें कौशल्य, अशी समजूत बाबूराव अर्नाळकरांच्या कथांनीं आपल्याकडे दृढ केली आहे. फर्डिनांड फॉन शिराख यांची ‘कोलिनी खटला’ (२०११) ही जर्मन कादंबरी तो प्रश्न आरंभींच निकालांत काढते. लेखक स्वतः फौजदारी वकील व एका नाझी पुढाऱ्याचा नातू आहे, हें येथें विसरतां येत नाहीं.

बर्लिनमधील एका हॉटेलांत कोलिनी नांवाचा इटालियन कामगार एका वृद्ध कारखानदाराचा खून करतो आणि निमूटपणें स्वाधीन होतो. कारण मात्र तो सांगत नाहीं. त्याचा तरुण वकील लाइनेन लुडविग्सबुर्गच्या दप्तरखान्यांतील कागद चाळतो, तेव्हां १९४४ सालचें इटलींतील हत्याकांड उजेडांत येतें. त्याहून भयंकर गोष्ट ही, कीं १९६८ च्या एका निरुपद्रवी दिसणाऱ्या कायद्यानें अशा अनेक अपराधांची मुदतच संपविली होती. आरोपीच्या पिंजऱ्यांत अखेर उभा राहतो तो कायदाच. आणि हेंच या कृतीचें खरें बळ होय.

परंतु हीच कादंबरी सूरजागडच्या अरण्यांतून वाचली, तर तिची मर्यादाही दिसते. त्याच अहेरीच्या मुलखांत, प्राणहितेकांठच्या चिंचगुंडी येथें, २९ एप्रिल १८५८ च्या रात्रीं गार्टलंड व हॉल हे तारखात्याचे दोन गोरे नोकर मारले गेले. पीटर हा तिसरा निसटला. बाबूराव शेडमाके यांस २१ ऑक्टोबर रोजीं चांद्याच्या तुरुंगांत फांशी झाली. येथेंही ‘खुनी कोण?’ हा प्रश्न नाहीं. सरकारी दप्तर ज्यास खून म्हणतें, त्यास गोंड समाज लढाई म्हणतो. मात्र हें प्रकरण पुन्हां उघडणाऱ्या वकिलास लुडविग्सबुर्ग कोठून मिळणार? लिहिलेलें आहे तें बहुतेक फांशी देणाऱ्यांचें; दुसरी बाजू लोकांच्या तोंडीं आहे.

आणि तोंडचा शब्द पुरावा नव्हे, असें आतां कायदाही म्हणत नाहीं. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांनीं गांवांतील वडीलधाऱ्यांचें लिहून घेतलेलें निवेदन पुराव्यांत धरलें आहे. जमिनीच्या दाव्यास जें चालतें, तें कादंबरीस कां चालूं नये?

शिराख यांचें पुस्तक अवश्य वाचावें. पण त्याचा कित्ता गिरवूं पाहणाऱ्या मराठी लेखकानें आपल्या वकिलास दप्तरखान्याची वाट दाखविण्यापूर्वीं माडिया भाषा शिकवावी. कागद बोलका असला, तरी तो कोणाच्या हातचा आहे, हें ऐकणाऱ्यासच उमगतें.