बंदुकीमागचा ‘मी’

प्रत्येक पिढीचे वादाचे विषय वेगळे असतात. एके काळी मराठी घरांतून फडके थोर की खांडेकर थोर, यावर मैफली रंगत. आज मीरा रोड-भाईंदरच्या सदनिकांतून आणि उत्तन-डोंगरीच्या अंगणांतून तोच आवेश निराळ्या विषयावर ऐकू येतो. नेमबाजीचा कोणता संगणकीय खेळ खरा युगप्रवर्तक, आणि कोणाचे नुसतेच स्तोम माजले आहे? वडीलधारी मंडळी एकतर ‘पोरखेळ’ म्हणून पाठ फिरवतात, नाहीतर मोबाईल काढून घेतात. या दोन्हींपैकी एकालाही पारख म्हणता येणार नाही. आपली मुले ज्या कृतीत तासन् तास रमतात, तिचे बरेवाईट घरातच जोखले गेले पाहिजे.

या खेळांना इंग्रजीत ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात. आपण त्यांना प्रथमपुरुषी नेमबाजी म्हणू. प्रथमपुरुषी कादंबरीतला ‘मी’ आपणास परिचित आहे. त्याला भूतकाळ असतो, संशय असतो, टोचणी असते. या खेळांतला ‘मी’ म्हणजे पडद्याच्या तळाशी दिसणारा एक हात आणि त्यातली बंदूक. एवढ्याशा ‘मी’कडून काय साधले गेले, हाच या प्रकाराच्या समीक्षेचा खरा निकष होय. शिवाय प्रभाव आणि थोरवी या दोन वस्तू आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मुलांच्या वादात त्यांचीच गल्लत होते.

प्रभावाचा मान निःसंशय ‘डूम’चा. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेने 1992 साली ‘वोल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आणि डिसेंबर 1993 मध्ये ‘डूम’ आणला. पहिला भाग फुकट, वाटेल त्याने नकलून मित्राला द्यावा. पुढचे भाग मात्र विकत घ्यावेत, अशी युक्ती होती. खेळाची रचनाही अशी मोकळी ठेवली होती की खेळणाऱ्याला स्वतःचे नकाशे बांधता यावेत. पुढची काही वर्षे या जातीच्या प्रत्येक खेळाला लोक ‘डूमची नक्कल’च म्हणत. तथापि, कृती म्हणून ‘डूम’ तोकडा आहे. त्यात सैतान आहेत, पण पाप नाही. नरक आहे, पण तो भिंतीवरच्या रंगकामापुरता. त्याच्या बाजूने एवढेच म्हणावे की गांभीर्याचा आव त्याने कधी आणला नाही.

थोरवी शोधायची तर ती ‘हाफ-लाइफ’मध्ये (1998) सापडते. व्हॉल्व्ह या संस्थेच्या या खेळाचा नायक गॉर्डन फ्रीमन हा सैनिक नव्हे, भौतिकशास्त्रज्ञ आहे. प्रारंभी तो एका छोट्या गाडीतून कामावर जातो, आणि आपण कितीतरी वेळ नुसते पाहत राहतो. गोळी झाडण्यापूर्वी त्या जागेला, तिथल्या माणसांना आणि कामाला अस्तित्व मिळते. त्यामुळे पुढे अनर्थ कोसळतो तेव्हा काहीतरी खरेच मोडल्यासारखे वाटते. या बंदुकीमागे प्रथमच एक जग उभे राहिले.

याच ‘हाफ-लाइफ’च्या पोटी ‘काउंटर-स्ट्राइक’ जन्मला. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन हौशी तरुणांनी तो 1999 मध्ये रचला. पुढल्या वर्षी व्हॉल्व्हने तो बाजारात आणला. आपल्याकडील सायबर कॅफेंत शेजारी शेजारी बसलेल्या मुलांनी जे ओरडून ओरडून खेळले, ते हेच. त्याचे मर्म एका साध्या नियमात आहे: एकदा मेलात की डाव संपेपर्यंत गप्प बसून इतरांचा खेळ पाहायचा. त्या एका सक्तीने मरणाला किंमत आली. सावधपणा, सोबत्यावरचा विश्वास, एकमेकांसाठी थांबणे, हे सारे तिच्यातून आले. मुले या खेळाला मोठा मानतात ते योग्यच आहे.

आता ज्याचे स्तोम माजले त्याविषयी. माझ्या मते तो ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2’ (2009) होय. त्यात एक प्रसंग आहे: मॉस्कोच्या विमानतळावर दहशतवादी निःशस्त्र प्रवाशांना ठार करीत चालले आहेत, आणि आपला ‘मी’ वेश पालटून त्यांच्यात सामील झालेला आहे. गोळी न झाडण्याची मुभा आहे. प्रसंग वगळण्याचीही आहे. परंतु झाडली काय आणि न झाडली काय, शेवट तोच. याला पुष्कळांनी धाडस म्हटले. मला ती पळवाट वाटते. नैतिक पेच मांडायचा, आणि त्यातला निर्णय मात्र पोकळ ठेवायचा! 11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत जे सात स्फोट झाले, त्यांतला एक आपल्याच मीरा रोड-भाईंदरच्या मार्गावर झाला. ज्या वस्तीने संध्याकाळच्या लोकलची वाट पाहत ती रात्र काढली, तिला निरपराधांचे मरण शोभेच्या दारूसारखे वापरलेले सलणारच.

‘मग बंदीच का नको?’ असे पालक विचारतील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ठरवले की हिंसक खेळांनाही ग्रंथांप्रमाणेच अभिव्यक्तीचे संरक्षण आहे. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया हे श्रद्धावान कॅथलिक. ग्रिमबंधूंच्या परीकथाही क्रूर आहेत, याची त्यांनी आठवण करून दिली. मुद्दा रास्त आहे, पण कायद्याने निर्दोष ठरलेली कृती साहित्यदृष्ट्या सरस ठरत नाही. तो निवाडा वाचकाने, म्हणजे येथे खेळणाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी, स्वतःच करायचा असतो.

आपल्या वस्तीपुरते बोलायचे तर प्रभावात ‘डूम’ही मागे पडेल. संगणक थोड्या घरांत होता; मोबाईल घरोघरी आला. ‘पबजी मोबाईल’वर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली. 2021 मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा दुकानांतून हटला आणि मे 2023 मध्ये पुन्हा आला. हा खेळ बहुधा पाठीमागून पाहत खेळतात, म्हणून काटेकोर अर्थाने तो प्रथमपुरुषी नव्हे. परंतु मुलांच्या वादात तो असतोच. असे खेळ आता आपल्या मुलुखातही घडतात. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीचा ‘मास्कगन’ याच जातीचा. म्हणजे उद्या आपल्यातलीच मुले हे खेळ रचणार आहेत. त्यांची अभिरुची आज कशावर पोसली जाते, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

तेव्हा पालकांनी मोबाईल हिसकावण्यापूर्वी अर्धा तास मुलाशेजारी बसावे आणि तीनच प्रश्न विचारावेत. इथे मेल्यावर काय होते? ज्याला मारले तो कोण होता? आणि गोळी न झाडता पुढे जाता येते का? ज्या खेळाजवळ या प्रश्नांची काही उत्तरे असतील, त्याच्याविषयी मुलाशी खुशाल वाद घालावा. ज्याच्याजवळ एकही नसेल, त्याचा कंटाळा मुलाला स्वतःहून येईल; आणि लादलेल्या बंदीपेक्षा असा कंटाळा अधिक टिकतो.