टाकीच्या आतले हिशेब

निर्वासितांच्या कथा वाचताना मला एक वाईट सवय लागली होती. चार पानं झाली की डोळे ओले व्हायचे आणि पुस्तक मिटताना आपण किती संवेदनशील आहोत, असं वाटून बरं वाटायचं. घस्सान कनफानी यांच्या ‘मेन इन द सन’ने ती मोडली. मूळ अरबी लघुकादंबरी १९६३ची. कनफानी स्वतः बारा वर्षांचे असताना अक्का शहरातून विस्थापित झालेले. पुढे काही वर्षं कुवेतमध्ये शिक्षक होते. मी ती इंग्रजीतून वाचली, तीही कुवेतमध्येच.

तीन पॅलेस्टिनी बसऱ्याहून चोरून कुवेतला निघतात, पाण्याच्या रिकाम्या टँकरमधून. ऑगस्टचं ऊन. चौकी आली की सहा-सात मिनिटं टाकीत उतरायचं, बस.

कनफानी रडारड करत नाहीत, घरोघरचे हिशेब मांडतात. अबू कैसची ऑलिव्हची दहा झाडं गेली. सोळा वर्षांच्या मारवानच्या कुवेतमधल्या भावाने लग्न केलं आणि पैसे पाठवणं थांबवलं. मग बापाने बायको-मुलांना सोडून दुसरं लग्न केलं. नवी बायको याफावरच्या बॉम्बहल्ल्यात पाय गमावलेली, पण तिचं स्वतःचं स्लॅबचं घर! छावणीत वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाचा इथे राग करावा की कीव, हे लेखक सांगत नाही. कादंबरीचा सगळा कस मला या एका प्रसंगात दिसतो.

आपल्याकडेही, विशेषतः कोकणात, आखातातल्या पैशावर स्लॅब पडतात आणि पैसे यायचे थांबले की घरात दोन चुली होतात. म्हणून ही माणसं ओळखीची वाटली. पण ओळख तिथेच संपते. माझ्या कपाटात पासपोर्ट आहे आणि परतायला गाव आहे.

एक उणीव जाणवते. मागे राहिलेल्या बायका पुरुषांच्या आठवणींतच दिसतात. टाकून दिलेल्या त्या आईच्या मनात शिरायला लेखकाला सवड झालेली नाही.

शेवटी मुतलाच्या चौकीवर कारकून ड्रायव्हरची चावट थट्टा करत बसतात आणि बाहेर टाकी तापते. तिघं मेल्यावर ड्रायव्हर आक्रोश करतो, की त्यांनी आतून टाकी का ठोकली नाही? दोष मेलेल्यांवरच! १९७२ साली तौफिक सालेह यांनी यावर चित्रपट केला, त्यात ते ठोकतात. पण कचेरीतल्या एसीच्या घरघरीत ते कुणाला ऐकू जात नाही. त्याच वर्षी कनफानी बैरुतमध्ये बॉम्बस्फोटात मारले गेले, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

मला चित्रपटाचा शेवट जास्त पटतो, पण कादंबरीचा जास्त छळतो. एका बैठकीत होणारं पुस्तक आहे. जरूर वाचा. जहराच्या पुढे मुतलाकडे गाडीने जाताना आता मी एसी लावतो, पण गप्पा सुचत नाहीत.