स्वकर्तृत्वाच्या खात्यातली उधारी

मराठीतली उद्योजकांची चरित्रे उघडली की ‘स्वकर्तृत्व’ आणि ‘शून्यातून विश्व’ हे दोन शब्दप्रयोग हमखास भेटतात. गेली काही वर्षे ही चरित्रे, गौरवग्रंथ आणि स्मरणिका वाशीम जिल्ह्यातल्या ग्रंथालयांतून मिळतील तशा मी वाचत आलो आहे. या वाचनातून माझे एक मत बनले. ही चरित्रे नायकाचे कष्ट काटेकोर मोजतात. त्याच्यावर इतरांनी टाकलेला विश्वास मात्र मोजत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा या परंपरेत सर्वाधिक सांगितली जाते, म्हणून तीच तपासायला घेतो.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंग ओळखण्यात दोष निघाला, तेव्हा यांत्रिक रेखाटनाकडे वळले, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बेळगावात भाऊ रामूअण्णांसोबत सायकलचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर लोखंडी नांगर. इथवर सगळे चरित्रकार एका सुरात बोलतात.

मग येतो तो प्रसिद्ध प्रसंग. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली; लोखंडाने जमिनीला विष चढते, असे शेतकऱ्यांना वाटे. हा प्रसंग बहुतेक जण नायकाची चिकाटी दाखवायला वापरतात आणि शेतकऱ्याला अडाणी ठरवून पुढे जातात. मी कापसाच्या मुलखातला माणूस. मला तो वेगळा दिसतो. पावसावर जगणाऱ्याच्या हातात वर्षाला एकच हंगाम असतो. अनोळखी अवजार काळ्या मातीत घालणे म्हणजे तो हंगाम पणाला लावणे. ते पहिले सहा नांगर ज्यांनी घेतले, ते निव्वळ गिऱ्हाईक नव्हते. या उद्योगात जोखीम घेऊन पैसा घालणारे सुरुवातीचे गुंतवणूकदार तेच. चरित्रांत त्यांना नाव नाही.

दुसरी नोंद औंधची. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1910 मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन दिली, दहा हजारांचे कर्जही दिले. निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. चरित्रात पंत येतात ते ‘उदार राजा’ म्हणून, एका परिच्छेदापुरते. पण ज्याच्याकडे तारण ठेवायला फारसे काही नाही, त्याला जमीन आणि भांडवल एकदम मिळणे हा उपकथानकाचा भाग नाही. कथा तिथेच वळते. ते वळण काढून टाका आणि मग ‘शून्यातून’ काय उरते ते पाहा.

तिसरी नोंद माणसांची. मंगेशराव रेगे, शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर यांच्यासारखे सहकारी आणि सुरुवातीचे पंचवीस कामगार आपापली कुटुंबे घेऊन त्या माळावर राहायला गेले. शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. विश्वास घेणारा माणूस विश्वास देतही होता. मला त्यांचे खरे मोठेपण इथे दिसते आणि ‘स्वकर्तृत्व’ या शब्दात ते मावत नाही.

ही कथा इतकी ठसली कशी, याचेही उत्तर शोधायला हवे. 1920 मध्ये कंपनी मर्यादित झाली आणि त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याला स्वतःचे मासिक लाभले. मराठी वाङ्मयाने त्या मासिकाचे ऋण मानायलाच हवे. पण ज्यांच्याकडे मासिक नव्हते, त्यांचे प्रयत्न विस्मरणात गेले, हेही त्याच नाण्याचे दुसरे अंग.

वाशीममध्ये बसून मी हे का लिहितो? हा जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधी कितीतरी वर्षे, कारंजाहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या ‘शकुंतले’तून इथला कापूस मुंबईच्या वाटेला लागत होता. रेल्वे किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या हातची. कापूस बाहेर जाई. त्यावरची पुढची प्रक्रिया आणि तिचा नफा बहुतांशी बाहेरच होई. आता ती गाडीही बंद आहे. 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचे नाव आले. इथल्या मुलांना शाळेच्या कार्यक्रमांत आम्ही काय सांगतो? ‘लक्ष्मणरावांसारखी जिद्द ठेवा.’ जिद्द रिसोडलाही आहे, मानोऱ्यालाही आहे. बत्तीस एकर आणि दहा हजार कोण देणार, हे कोणी सांगत नाही. मग ज्याला जमत नाही, तो दोष स्वतःलाच देत बसतो. अर्धवट लिहिलेल्या चरित्राची ही किंमत आहे आणि ती वाचक मोजतो.

हे म्हणण्याने लक्ष्मणराव तसूभरही लहान होत नाहीत. मिळालेल्या जमिनीवर सगळेच कारखाना उभा करत नाहीत. माझे मागणे पुढच्या चरित्रकाराकडे आहे. त्याने वही उघडावी तेव्हा जमेच्या बाजूला नायकाचे कष्ट जरूर लिहावेत. समोरच्या पानावर उधारी लिहावी, देणाऱ्यांच्या नावांसह. आणि ते सहा नांगर कोणाच्या शेतात चालले, हे शोधायला त्याने आधी निघावे.