पंचावन्न मिनिटे आणि इन्सुलिनचे माप

एकादशीला कोल्हापुरातल्या शिक्षक-खोलीत डबे उघडले की साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी बाहेर येते. एकादशी, दुप्पट खाशी! अलीकडे तिथे दुसरे उपवासकरीही दिसतात. ते दोनदाच जेवतात, पण घड्याळ समोर ठेवून.

हा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांचा आणि ‘विनासायास वेटलॉस’ या पुस्तकाचा परिणाम. मूळ कल्पना नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (निधन २००४) यांची. कडकडीत भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. यात विकत घ्यायची पावडर नाही की भरायची फी नाही. वजन कमी करण्याच्या बाजारात ही गोष्ट दुर्मीळच, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

आमची अडचण आहे ती कारणमीमांसेशी. खाल्ले की इन्सुलिनचे एक माप पडते, थोडे खा वा पोटभर. पुढचे माप ५५ मिनिटांनी, असे सांगितले जाते. इन्सुलिन जास्त असताना चरबी वापरली जात नाही, एवढे खरे. पण मापाचे काय? ठरावीक मापच पडत असते, तर चार शेंगदाणे खाऊन रक्तातील साखर धोकादायक उतरली असती आणि लग्नाच्या पंगतीनंतर ती भडकली असती. निरोगी माणसात दोन्ही होत नाही. स्वादुपिंड साखरेच्या प्रमाणात इन्सुलिन सोडते: पहिला झोत काही मिनिटांत, नंतर साखर चढलेली असेपर्यंत सावकाश. उपाशीपोटीही थोडे स्रवतच असते. ५५ मिनिटांचे दार शरीरक्रियाशास्त्रात आम्हाला सापडत नाही.

मग वजन उतरते ते कशाने? मधल्या सुट्टीतला साखरेचा चहा आणि चार बिस्किटे मिळून सुमारे १५० उष्मांक होतात. दिवसातून तीनदा म्हणजे ४५०, जवळजवळ चार पोळ्या. नियमाने हे सुटते. २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १३९ लठ्ठ व्यक्तींचे दोन गट केले. दोघांचेही उष्मांक सारखेच कमी केले. एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खायचे होते. वर्षअखेर त्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने, दुसऱ्याचे ६.३ किलोने उतरले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही.

अनुभवकथन अशी तुलना करू शकत नाही. व्यासपीठावर येतो तो वजन उतरलेला माणूस; महिन्याने कंटाळून सोडणारा घरीच राहतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, दिवसाआड उपवासाच्या अमेरिकन चाचणीत ३८ टक्के लोक मधेच गळाले होते. रोज थोडे कमी खाणाऱ्यांत २९ टक्के. नववीच्या वर्गात तुलना-गट शिकवताना याहून ओळखीचे उदाहरण मिळणार नाही.

मात्र त्याच वर्गातल्या मुलींना हा प्रयोग करू देऊ नये. वाढीचे वय आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्या सहकाऱ्यांनीही डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय जेवण गाळू नये. नेहमीची गोळी घेऊन जेवण टाळले तर साखर उतरून तासावर उभ्याउभ्याच घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्धही जाऊ शकते. अशा वेळी घड्याळ न पाहता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी.